इंजिन सुटलं तेव्हा

भल्या माणसाचा मत्सर करणं फार अवघड असतं. माणूस जरा वाईट असला तर त्याच्याविषयी कुरकुर करायला चहाच्या टपरीवर दोघं-तिघं तरी सोबतीला मिळतात. चाचांचा मत्सर मी अकरा वर्षं केला, पण त्या अकरा वर्षांत मला एकसुद्धा भिडू मिळाला नाही. सगळा जळफळाट एकट्यानं करावा लागला.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मी करमाळ्याकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा पहिल्या वर्गात पास होऊन आलेला, आणि तिथले जुने मेकॅनिक चाचा किती शिकलेत हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. वर्कशॉपचा फोन वाजला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "चाचा हायेत का?"

"चाचा बाहेर गेलेत. मी डिप्लोमा इंजिनिअर बोलतोय. काय अडचण आहे सांगा."

"मग ऱ्हाऊ द्या की. चाचा आल्यावर करतो फोन."

असे फोन मी किती घेतले याची मोजदाद नाही. रिसीव्हर ठेवताना दर वेळी वाटायचं, आपलं प्रमाणपत्र जुन्या बिलांसारखं तारेत ओवून खिळ्याला लावावं. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करायचो, पण मनात मात्र सरळ अरे-तुरे चालायचं.

पहिलं पोटात दुखलं ते त्यांच्या शर्टावरून. चाचा कामावर पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. डिझेल मेकॅनिकनं पांढरा शर्ट घालायचा म्हणजे थट्टाच. पण संध्याकाळी सायकलला टांग मारून घरी निघाले की तो शर्ट सकाळी होता तसाच असायचा. माझे कपडे बायको वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वर विचारायची, "तुमच्या त्या चाचांच्या घरी धुणं कोण धुतं हो?"

त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. ते कसं गेलं याच्या मी ऐकलेल्या हकिकती सात. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याला त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी शेळीनं पाला समजून खाल्लं. दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलं, लग्नात नवरीच्या भावानं दारात बोट चेमटवलं. एका बँक मॅनेजरला सांगितलं की विहिरीतनं बुडणाऱ्या माणसाला ओढताना दोरात सापडलं, आणि तो माणूस नंतर सरपंच झाला. एकदा तर एकाच दिवशी एकाच कारखान्यात दोघांना दोन हकिकती सांगितल्या. ते दोघं जेवायच्या सुट्टीत भेटले आणि भांडत आमच्याकडं आले, खरी कुठली म्हणून. चाचा शांतपणे म्हणाले, "दोनी खऱ्या हायेत बाबा. आधी अर्धं गेलं, मग अर्धं." दोघं हसत परत गेले. असं धडधडीत खोटं मी बोललो असतो तर लोकांनी माझ्याकडं येणं बंद केलं असतं.

त्यांच्या पिशवीत पान्यांच्या जोडीनं एक पोळपाट असायचा. खराखुरा पोळपाट, पाय कापलेला, कडेला पीठ लागलेलं असावं इतका घरचा. नवीन गिऱ्हाईक तो बघून हमखास विचारायचं, "चाचा, सैपाक बी करता का काय?" चाचा म्हणायचे, "व्हय की. इंजिन लई तापलं की त्याच्यावर चपाती लाटतो."

पोळपाट कशासाठी हे सांगायला हवं. डिझेल इंजिनाचे आजार पुष्कळ. चालू होत नाही, धूर टाकतं, लोड घेत नाही. आमची पोटं त्यावरच चालतात. पण एका आजारात भल्याभल्या मेकॅनिकचे हात गार पडतात. इंजिन आपणहून वेग धरू लागतं. गव्हर्नर नावाचा एक भाग असतो, तो इंजिनाचा लगाम. तो अडकला तर इंजिन जास्त पळतं, पण डिझेल तोडलं की थांबतं. कधी मात्र इंजिनाला भलत्याच वाटेनं ऑईल प्यायला मिळतं, आणि मग ते त्याच ऑईलवर सुटतं. डिझेलचा कॉक बंद करा, नळी तोडा, ते ऐकत नाही, कारण ते डिझेलवर चाललेलंच नसतं. आवाज चढत चढत किंकाळीसारखा होतो आणि एक-दोन मिनिटांत आतले दांडे लोखंड फोडून बाहेर येतात. जवळ उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. अशा वेळी उपाय एकच. हवा आत जाते त्या तोंडावर काहीतरी सपाट, भक्कम दाबून धरायचं आणि इंजिनाचा श्वास कोंडायचा. हात लावला तर हात ओढला जातो, फडकं लावलं तर फडकं. म्हणून पोळपाट.

चाचांची काम करायची रीत मला पहिल्या दिवसापासून खटकली. बिघडलेल्या इंजिनापाशी गेले की ते इंजिनाकडं बघायचेच नाहीत. ऑईलचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसायचे, जनरेटर चालवणाऱ्या ऑपरेटरला शेजारी बसवायचे आणि चहा मागवायचे. मग गप्पा. घरी कोण कोण, मुलीचं जमलं का, काल जेवायला काय होतं. अर्धा तास जायचा. मी तेवढ्यात चार नट खोललेले असायचे. चहा संपला की चाचा उठायचे, सरळ एका जागी जायचे आणि तिथंच दुखणं सापडायचं. लोक म्हणायचे, चाचांना इंजिन बोलतंय. मीसुद्धा बरीच वर्षं तेच समजत होतो. घरी कुणी नसताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक मिक्सरला टेकवून मूठ कानाला लावून बसायचो, आपल्यालाही काही ऐकू येतंय का बघत. बायकोनं एकदा बघितलं. तिनं मिक्सर उचलून वरच्या फळीवर ठेवला.

चाचांचं गुपित मला कळलं ते एका टॉवेलच्या कारखान्यात.

दसरा होऊन गेल्याचा दुसरा दिवस होता. कारखान्याचा जनरेटर चालू केला की भराभर वेग धरत होता. चाचा मंगळवेढ्याला एका जिनिंगच्या कामावर गेले होते, म्हणून अण्णांनी मला पाठवलं. मला आनंद झाला. वेग जास्त म्हणजे गव्हर्नर, हे तर पुस्तकातलं. मी गव्हर्नरची स्प्रिंग तपासली, जोडदांडे तपासले, डिझेल पंपाचा रॅक हलवून बघितला. सगळं लोण्यासारखं चालत होतं. पुन्हा चालू केलं, पुन्हा इंजिन उसळलं. डिझेल तोडल्यावरसुद्धा बराच वेळ धडधडत राहिलं, मग निळा धूर सोडून थांबलं. मी पंप उतरवला. तपासायला पाठवला. तो निर्दोष म्हणून परत आला. दुपार झाली. यंत्रमाग बंद, वीज गेलेली, मालक दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ बघत होता. शेवटी त्यानं माझ्यासमोरच फोन लावला, "चाचा, तेवढं येऊन जावा की."

दोन तासांनी चाचा आले. डबा उलटा केला, बसले. ऑपरेटर विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा साधा माणूस होता. सकाळपासून तो माझ्या मागं हात बांधून उभा होता, आणि मी त्याला पाना दे, फडकं दे यापलीकडं काही बोललो नव्हतो.

"काय मग, खंडेनवमीची पूजा जोरात झाली म्हनं?" चाचांनी विचारलं.

"अय्यो चाचा, लई जोरात!" तो माणूस एकदम फुलला. "सगळा जनरेटर धुतला. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. पेढा बी ठेवला."

"आन् ऑईल-बिईल?"

"सगळं नवं टाकलं. एअर फिल्टरच्या वाटीत बी गच्च भरलं, काठापर्यंत. बाकीच्या दिवशी खुणेपर्यंतच भरतो, पण पूजेच्या दिवशी अर्धी वाटी देवापुढं कशी ठेवायची?"

चाचांनी त्याच्या मुलीची बारावी कशी चालली आहे ते विचारलं, चहा संपवला, उठले आणि फिल्टरची वाटी सोडवली. जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये खाली ऑईलची वाटी असते. हवा त्यावरून जाते आणि धूळ ऑईलला चिकटते. वाटी काठोकाठ भरली की हवेबरोबर ऑईलही आत ओढलं जातं. म्हणजे त्या देवभोळ्या माणसानं इंजिनाला नैवेद्य म्हणून जो जास्तीचा घोट दिला होता, त्यावरच ते उधळत होतं. चाचांनी ऑईल खुणेपर्यंत कमी केलं, नळ्या पुसल्या, माझा उतरवलेला पंप मलाच बसवायला लावला. इंजिन चालू झालं आणि गाईसारखं शांत चालत राहिलं.

कारखान्याचा मालक धावत आला. "काय झालं होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात चाचांचा बूट माझ्या पायावर पडला, चांगला जोर देऊन.

"वाटीची जाळी जुनी झाली होती," चाचा म्हणाले. "ऑईल वर फेकत होती. साफ केली. दिवाळीला नवी टाका. माणूस तुमचा चांगला हाय, जनरेटर आरशासारखा ठेवलाय."

ऑपरेटर आमच्याकडं बघतच राहिला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा उमगलं असावं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

परत येताना मी चिडून विचारलं, "चाचा, खोटं कशाला बोललात? चूक त्याची होती."

"हौ, त्याचीच होती."

"मग?"

"आज मी त्याचं नाव सांगितलं, तर पुढच्या खेपेला त्यो मला सांगंल का, वाटी गच्च भरली म्हनून? इंजिन काय बोलत न्हाई रे डिप्लोमा. मानूस बोलतंय. आन् मानूस कवा बोलतंय, त्याला भ्या वाटत न्हाई तवा."

म्हणजे कानाची वगैरे काही करामत नव्हती. सोलापुरातले सगळे ऑपरेटर आपापल्या चुका या माणसाला आपण होऊन सांगत होते, आणि हा त्या चुका कुठल्यातरी जाळीच्या, वॉशरच्या, हवेच्या नावावर खपवत होता. वाटलं, हे तर सोपं आहे. हे मलाही जमेल.

मीही डबा उलटा करून बसायला लागलो. चहा मागवायला लागलो. मुलीचं जमलं का विचारायला लागलो. समोरचा माणूस चहा प्यायचा, "जमलं की" म्हणायचा आणि गप्प. कारण उघड होतं, पण ते मान्य करायला मला फार दिवस लागले. प्रत्येक कामाचं एक जॉबकार्ड आम्ही भरायचो आणि त्याची प्रत गिऱ्हाईकाकडं राहायची. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा' असं सुवाच्य अक्षरात लिहायची माझी सवय होती. ते लिहिताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? त्या दोन शब्दांपायी कुणाकुणाला बोलणी बसली असतील, कुणाचं काम सुटलं असेल, हे माझ्या मनातही येत नव्हतं.

मत्सराच्या भरात मी आणखी एक गोष्ट केली. सुताराकडून सागवानी फळी कापून घेतली, चांगली गोल, मागं धरायला मूठ, पुढं रबर ठोकलेलं. चाचांच्या पोळपाटापेक्षा शंभर पटीनं सरस. ती पिशवीत घेऊन मी दोन वर्षं हिंडलो. इंजिन सुटावं आणि ते मी थांबवावं, असं रोज वाटायचं. चाचांना दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, रबरावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "झकास केलीस. माज्यापेक्षा भारी." तेही खरंच कौतुकानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच सुमाराला अण्णांनी सांगितलं की एका मोठ्या दवाखान्याचं वर्षभराचं काम मिळतंय आणि त्यासाठी वर्कशॉपला एक फोरमन नेमायचा आहे. "तुमच्या दोघांपैकीच एक. मे महिना संपेपर्यंत ठरवतो." मला ती जागा हवी होती. करमाळ्याला वडील अजून लोकांना सांगत होते, पोरगं सोलापुरात साहेब आहे. आणि इथं फोनवर लोक म्हणत होते, ऱ्हाऊ द्या. फोरमन झालो तर निदान फोन उचलल्यावर पलीकडच्याला मान देऊन बोलावं तरी लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि मग ते मंगल कार्यालय.

होटगी रोडला मोठं लग्न होतं, दुपारचा मुहूर्त. अण्णा तिथं पाहुणे म्हणून येणार होते, म्हणून मंडपातली वीज जाऊन शोभा नको या हिशेबानं त्यांनी आम्हा दोघांना सकाळीच जनरेटर तपासायला पाठवलं. जनरेटर मोठा, टर्बो असलेला. हवा दाबून आत भरणारी ती गोगलगायीसारखी पेटी. काम मी हातात घेतलं. चाचा उलट्या डब्यावर ऑपरेटरची वाट बघत बसले, कारण तो फुलवाल्याबरोबर कुठं गेला होता. ते म्हणाले, "जरा थांब. त्याला येऊ दे, च्या होऊ दे." मी थांबलो नाही. ऑपरेटरशिवाय काम होतं हे दाखवायचंच होतं मला. मी फिल्टर साफ करायला काढला. टर्बोचं तोंड उघडं पडलं. ते आतून ऑईलनं ओलं दिसलं, मी फडक्यानं पुसलं आणि म्हटलं, आधी जरा चालवून बघू.

इंजिन चालू झालं. थोडा वेळ ठीक चाललं. मग आवाज चढला. मी डिझेल तोडलं. आवाज चढतच राहिला. पांढरा-निळा धूर इतका आला की समोरचं पॅनल दिसेना. पायाखालची फरशी थरथरायला लागली. माझी फळी माझ्या हातात होती. पिशवीतून कधी काढली आठवत नाही, पण मूठ घट्ट धरलेली होती आणि टर्बोचं उघडं तोंड माझ्यापासून चार पावलांवर होतं. दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली ती वेळ माझ्यापुढं उभी होती.

मी पळालो.

फळी तिथंच टाकली आणि पळालो. आचाऱ्यांच्या मधून, बटाट्याच्या पोत्यावरून उडी मारून, थेट मागच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या गजाला धरून उभा राहिलो आणि डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आवाज एकदम तुटला. सगळीकडं शांतता. बँडवालेसुद्धा वाजवायचे थांबले होते.

मी परत गेलो. धूर विरळ झाला होता. चाचा टर्बोपाशी उभे होते आणि टर्बोच्या तोंडावर चिकटून बसली होती ती माझी फळी. त्यांचा पोळपाट सायकलला लावलेल्या पिशवीत राहिला होता. जमिनीवर पडलेली माझी फळी उचलून त्यांनी ती दाबून धरली होती. पांढऱ्या शर्टाची छाती काळी झाली होती. अकरा वर्षांत मी त्या शर्टावर डाग बघितला तो त्या दिवशी.

मी काही बोलायच्या आत अण्णा फेट्यासकट धावत आले. मागं कार्यालयाचा व्यवस्थापक, दोन-चार पाहुणे. "कुणी बंद केलं? लागलं का कुणाला?"

चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं."

अण्णांनी फळीकडं बघितलं. ती माझी हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, मीच सगळ्यांना दाखवत हिंडलो होतो.

"मी तर मागं सरलो," चाचा म्हणाले. "वय झालं अण्णा. ह्यो पोरगा गेला पुढं. जराबी भ्याला न्हाई."

अण्णांनी मला मिठीच मारली. मला "नाही" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो आला नाही, आणि मग पाहुणे हात मिळवायला लागल्यावर त्याला जागाच उरली नाही.

थोड्या वेळानं ऑपरेटर आला. चाचा त्याला घेऊन डब्यावर बसले, आणि मी मागून ऐकलं. गेला महिनाभर रोज लिटरभर ऑईल कमी होत होतं. टर्बोचं सील गेलेलं, त्यातून इंजिन स्वतःचंच ऑईल पीत होतं. हा रोज गुपचूप भरत होता. "सांगायचं न्हाईस का रे?" चाचांनी विचारलं. तो हळूच म्हणाला, "सर्व्हिसला ते डिप्लोमा साहेब यायचे, चाचा. ते कार्डावर लिहित्यात."

त्याच आठवड्यात मी फोरमन झालो. पेढे वाटले. चाचांनी दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. मी एकांतात त्यांना गाठलं आणि विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "फोरमनला च्या केबिनमधी येतो. मला केबिनमधी च्या जात न्हाई." हे उत्तर त्यांच्या करंगळीच्या हकिकतींसारखंच होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर खरं उत्तर माझ्या लक्षात आलं आणि झोप उडाली. अकरा वर्षं मी त्यांना प्रतिस्पर्धी समजत होतो, आणि त्यांनी मला त्या वाटी गच्च भरणाऱ्या ऑपरेटरच्या रांगेत बसवलं होतं. घाबरलेला माणूस, चूक केलेला, याला मालकापुढं झाकायचं. बस्स, एवढंच. आमची शर्यत माझ्या एकट्याच्या डोक्यात चालली होती. हरलो असतो तरी इतकं लागलं नसतं.

जॉबकार्डावरचे ते दोन शब्द मी त्यानंतर कधी लिहिले नाहीत. फोनवर लोक अदबीनं बोलू लागले. मंगल कार्यालयाची हकिकत सोलापुरात पसरली, ती मला जागोजागी सांगावी लागायची, आणि सांगता सांगता टर्बोपर्यंतची ती चार पावलं मी चाललोही. चाचा हजर असले तर वर भर घालायचे. "धुरात दिसत बी नव्हता. मला वाटलं गेला ह्यो." माझे वडील सोलापूरला आले तेव्हा चाचांनी त्यांना इतकं रंगवून सांगितलं की वडिलांनी डोळे पुसले. मी शेजारी बसून शेंगदाणे खात होतो.

मग चाचांचे गुडघे गेले आणि त्यांचं कामावर येणं बंद झालं. मी पुष्कळ दिवस त्यांच्या घरी जायचं टाळलं. गेल्या उन्हाळ्यात मात्र गेलो, विजापूर वेशीजवळच्या त्यांच्या घरी. ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. सूनबाईंनी चहा आणला. चाचा लोडाला टेकून बसले होते, शर्ट पांढराच, आता नुसता सैल झालेला. इकडचं तिकडचं झालं आणि मी कप खाली ठेवला.

"चाचा, त्या दिवशी मी पळालो होतो."

"कुठं?"

"मंगल कार्यालयात. इंजिन सुटलं तेव्हा. मी फाटकापर्यंत पळालो. बंद तुम्ही केलंत."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी काय काय शोधलं. हसू, दया, निदान एखादी जुनी चीड. काहीच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते.

"न्हाई रे," ते शेवटी म्हणाले. "तूच बंद केलंस की. मी मागं हुबा होतो. मला चांगलं याद हाय, तुजी फळी होती."

"अब्बा सगळ्यांना सांगतात तुमची गोष्ट," सूनबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरीसुद्धा सांगून झाली."

"चाचा, मी खरं सांगतोय. मी पळालो होतो."

सूनबाई हसल्या. मग चाचांकडं वळून कौतुकानं म्हणाल्या, "बघा अब्बा, एवढं करून माणूस मोठेपणा घेत नाही."

"म्हनून तर फोरमन झाला त्यो," चाचा म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

ते खरोखरच विसरलेत, की सुनेसमोर मला झाकत होते, हे मला कळलं नाही. विचारूनही कळलं नसतं. त्यांनी मला एक खोटं दिलं आणि स्वतः त्यातून मोकळे झाले. मी मात्र रोज केबिनमध्ये त्या खोट्यासमोर बसतो. चहा गार झाला होता, तो मी तसाच संपवला आणि उठलो. दारापर्यंत सोडायला ते भिंत धरून आले, आणि त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा मत्सर वाटत होता.